विश्वासाचे निवेदन आपल्या मराठीत कसे लिहावे: सोलापुरातल्या स्वतंत्र मंडळ्यांसाठी

घरातली प्रार्थना वीस-पंचवीस माणसांवरून ऐंशी-शंभरावर गेली, विडी घरकुलात किंवा होटगी रोडला भाड्याचा हॉल घेतला, आणि संस्था नोंदवायची वेळ आली, की वकील विचारतो, "तुमचे उद्देश काय? विश्वास काय?" बहुतेक मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती गट, इथेच चूक करतात. कोणीतरी अमेरिकेतल्या एखाद्या चर्चचे स्टेटमेंट ऑफ फेथ, म्हणजे ते चर्च काय मानते हे सांगणारे विश्वासाचे निवेदन, मोबाइलवर शोधतो, ॲपवरून त्याचे मराठी करतो आणि प्रिंट काढून फाइलला लावतो. त्यात 'पूर्वसहस्राब्दीय पुनरागमन' असे काहीतरी असते. सही करणाऱ्या पाचांपैकी चौघांना ते समजलेले नसते, आणि पाचवा समजल्यासारखा बसलेला असतो.

दोन-तीन वर्षांनी अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणे), बहिणींचा म्हणजे मंडळीतल्या स्त्रियांचा उपदेश किंवा लहानपणीचा बाप्तिस्मा यावरून वाद उठतो आणि कोणीतरी तीच फाइल बाहेर काढतो. मग परक्या देशातल्या, परक्या भांडणासाठी लिहिलेल्या वाक्यावरून इथली मंडळी फुटते. म्हणून निवेदन स्वतः लिहा. पाच-सात माणसे, सहा बैठका आणि प्रत्येक बैठकीला दीड तास एवढ्यात ते होते. छापल्यावर एका ए-फोर कागदाच्या दोन बाजूंपेक्षा मोठे होऊ देऊ नका. सहाशे-सातशे शब्द आणि दहा-बारा कलमे पुरेशी आहेत.

माणसे आणि कागद

समितीत पास्टर असावा, पण अध्यक्ष दुसरा कोणी असावा. पास्टरच अध्यक्ष असला तर लोक त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात आणि खरा मतभेद बैठकीनंतर चहाच्या टपरीवर निघतो. किमान दोन बहिणी घ्या आणि पंचविशीच्या आतला एक जण घ्या. मंडळीत तेलुगू आणि कन्नड घरे असतील, आणि सोलापुरात ती असतातच, तर दोन्हीकडचा एकेक माणूस हवा. याचे कारण पुढे तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, कलमात येईल. नाताळच्या तोंडावर हे काम काढू नका. जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा. उन्हाळ्याचा तडाखा गेलेला असतो आणि कामावरून सुटून संध्याकाळी साडेसातला लोक येऊ शकतात.

पहिल्या बैठकीला या गोष्टी टेबलावर ठेवा: प्रेषितांचा विश्वासांगीकार (म्हणजे ठरलेल्या शब्दांतली विश्वासाची जुनी कबुली), नायसियाचा विश्वासांगीकार, जो ३२५ साली नायसियात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडला, जगभरच्या सुवार्तावादी ख्रिस्ती पुढाऱ्यांचा १९७४ चा लोझान करार, १९७८ चे बायबलच्या अचूकतेवरचे शिकागो निवेदन, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाचे विश्वासाचे निवेदन. शिवाय मराठी पवित्र शास्त्र, तेलुगू आणि कन्नड बायबल. हे कागद उतरवून घेण्यासाठी आणायचे नाहीत. एकाच गोष्टीसाठी आधीच्यांनी कोणता शब्द निवडला आणि कोणता टाळला, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचे.

आधी तीन डबे, मग लेखन

सिव्हिलच्या अपघात विभागात आलेल्या प्रत्येकाला रांगेने तपासत नाहीत. कोणाचा जीव धोक्यात आहे ते आधी पाहतात. अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मशास्त्री आल्बर्ट मोहलर यांनी २००५ साली हीच पद्धत शिकवणुकीच्या प्रश्नांना लावली आणि प्रश्नांच्या तीन पायऱ्या केल्या. कोणता प्रश्न कोणत्या पायरीवर ठेवायचा यावर त्यांच्याशी तुमचे जमले नाही तरी पद्धत उपयोगाची आहे.

मिठाईचे तीन रिकामे डबे घ्या. चिठ्ठ्यांवर एकेक विषय लिहा: त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचे पुनरुत्थान, कृपेने तारण, बायबलची अचूकता, बाळांचा बाप्तिस्मा, अन्य भाषा, आजारातून बरे करणे, दशांश, बहिणींचा उपदेश, घटस्फोटानंतरचे लग्न, तारण गमावता येते का, सहस्र वर्षांचे राज्य, द्राक्षारस, दागिने, कुंकू, पूर्वजांच्या नावाने जेवण. चिठ्ठ्या तीस-चाळीस होतील. मग प्रत्येक चिठ्ठीला क्रमाने तीन प्रश्न विचारा.

हे नाकारणाऱ्याला आपण ख्रिस्ती म्हणू का? "नाही" असे उत्तर आले तर चिठ्ठी पहिल्या डब्यात. "म्हणू" असे आले तर पुढचा प्रश्न: हे वेगळे मानणाऱ्याबरोबर एकाच पास्टरखाली, एकाच बाप्तिस्म्याच्या पद्धतीत, एका मंडळीत राहणे रोजच्या व्यवहारात जमेल का? जमणार नसेल तर दुसरा डबा. जमणार असेल तर तिसरा. तिसऱ्या डब्यातला माणूस आपल्याच बाकावर आपल्याशेजारी बसू शकतो.

पहिल्या डब्यात आठ-दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या झाल्या तर थांबा. बाहेरून शिकून आलेला उत्साही तरुण सगळे पहिल्यात टाकतो, कारण त्याला प्रत्येक गोष्ट सत्याची वाटते. सत्याची असते, पण प्रत्येक सत्य तारणाच्या पायात नसते. उलट सगळे तिसऱ्यात टाकणाराही भेटतो. त्याला भांडण नको असते, आणि त्याच्या पद्धतीने लिहिलेले निवेदन वर्षभरात कोणताही फिरता उपदेशक मोडतो. दागिने, कुंकू आणि कपडे यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या डब्यात जाऊ लागल्या तर रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय मोठ्याने वाचा आणि पुन्हा विचारा.

निवेदनात पहिल्या डब्यातले सगळे येते. दुसऱ्यातले येते, पण "आमच्या मंडळीची पद्धत" या वेगळ्या मथळ्याखाली. तिसऱ्यातले येतच नाही. 'आम्ही मानतो' आणि 'आमची पद्धत आहे' ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली की अर्धी भांडणे कागदावरच मिटतात.

शास्त्राचे कलम

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि मनपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती जगात गेली पन्नास वर्षे सर्वांत जास्त शाई या कलमावर खर्च झाली आहे. दोन शब्दांची ओढाताण आहे. एका बाजूला 'अचूक', म्हणजे इतिहास-भूगोलासह कशातही चूक नाही. दुसऱ्या बाजूला 'अढळ' किंवा 'विश्वसनीय', म्हणजे तारण आणि आचरण यांबाबत फसवणार नाही. शिकागो निवेदनाने पहिला शब्द धरला आणि १९ कलमांत तो नेमका केला. लोझान कराराने मधली वाट घेतली: शास्त्र जे जे ठामपणे सांगते त्यात चूक नाही.

'अचूक' लिहायचे असेल तर शिकागो निवेदनातल्या दोन खुलाशांचा आशय बरोबर घ्या, नाहीतर कॉलेजात जाणारे पोर पहिल्याच वर्षी अडखळते. पहिला खुलासा: हा दावा मूळ हस्तलेखांबद्दल आहे, आपल्या हातातल्या प्रत्येक प्रतीबद्दल नाही. मार्कच्या शेवटच्या अध्यायाच्या ९ ते २० या ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन अतिप्राचीन प्रतींत नाहीत. हे मंडळीला तुमच्याकडून आधी कळले तर कोणी हादरत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळले तर हादरते. दुसरा खुलासा: गोळाबेरीज आकडे, विषयाप्रमाणे लावलेला घटनांचा क्रम आणि जुन्या करारातून सैलसर शब्दांत घेतलेले उतारे ही चूक नव्हे.

२ तीमथ्य ३:१६ बैठकीत वाचून घ्या. ग्रीकमध्ये तिथे 'आहे' हे क्रियापदच नाही. म्हणून 'प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आणि उपयोगी आहे' असेही वाचता येते आणि 'प्रत्येक देवप्रेरित शास्त्रलेख उपयोगीही आहे' असेही. मराठी आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हा फरक दिसतो. एकाच ओवीवर सगळे कलम उभे करू नका. योहान १०:३५ आणि २ पेत्र १:२१ ही स्थळे जोडा.

आणि फक्त शास्त्राचे कलम लिहून थांबू नका. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीने १९४९ मध्ये स्थापनेच्या वेळी बायबलची अचूकता एवढे एकच कलम ठेवले होते. त्रैक्याचे वाक्य त्यांना १९९० मध्ये जोडावे लागले. बायबल अचूक मानूनही माणूस त्रैक्य नाकारू शकतो, तेव्हा ते वेगळे लिहिणे भागच असते.

त्रैक्य

आपल्याकडे याचा व्यावहारिक प्रश्न एकच असतो: 'फक्त येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणारे उपदेशक. पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन रूपे, असे ते शिकवतात. आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीत हा वाद सुरुवातीलाच झाला आणि त्यातल्या असेंब्लीज ऑफ गॉड या संघटनेने १९१६ मध्ये आपले निवेदन लिहून ही शिकवण बाहेर ठेवली. तुमच्या निवेदनात 'एकच देव, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, सनातन काळापासून, समान सामर्थ्याने व गौरवाने' एवढे यायला हवे. 'सनातन काळापासून' हे शब्द गाळू नका. ते गाळले की तीन रूपांच्या शिकवणीला दार उघडे राहते.

संडे स्कूलमध्ये पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला देतात, तो बंद करा. एकच पाणी वेळेनुसार रूप बदलते, आणि नेमकी हीच चुकीची शिकवण आहे. त्यापेक्षा येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगा, मत्तय ३:१६-१७. पुत्र पाण्यात, आत्मा उतरतो आहे, पिता बोलतो आहे, आणि तिघे एकाच वेळी आहेत.

पुत्र सनातन काळापासून पित्याच्या अधीन आहे का, यावर २०१६ मध्ये इंग्रजी जगात मोठा वाद झाला. नवरा-बायकोच्या नात्याला आधार म्हणून काहींनी ती मांडणी केली होती. ती निवेदनात आणू नका. घरातली रचना सिद्ध करण्यासाठी देवाच्या स्वरूपाला हात घालायची गरज नाही.

तारणाचे कलम: तीन भाषांची परीक्षा

इथे तेलुगू आणि कन्नड माणसे समितीत हवीत. मराठीत 'तारण' म्हटले की मंडळीतल्या माणसाला पापातून सुटका समजते, पण दारात नव्याने आलेल्याला बँकेच्या पाटीवरचे 'सोने तारण कर्ज' आठवते. तेलुगू घरात हाच शब्द 'रक्षणा' आहे आणि कन्नड घरात 'रक्षणे'. तेलुगू बहीण मराठीत साक्ष देताना "मला रक्षण मिळाले" म्हणते, तेव्हा मराठी माणसाला ते संकटातून वाचण्याबद्दल वाटते. म्हणून शब्द एकटा सोडू नका. त्याला जोडून 'पापाच्या दंडापासून व सत्तेपासून सुटका, देवाशी समेट, नवे जीवन' असे खुलासे लिहा.

'पश्चात्ताप' हा तर जास्त नाजूक. मराठीत त्याचा अर्थ मागाहून होणारे दुःख, चुकचुक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे. तेलुगू बायबलचा 'मारुमनस्सु' नेमका हाच अर्थ देतो, आणि जुन्या कन्नड बायबलात 'देवाकडे वळा' असे आहे. इव्हँजेलिकलांमध्ये १९८० च्या दशकापासून एक वाद चालू आहे: फक्त विश्वास पुरे, की येशूला जीवनाचा प्रभू मानून वळणेही विश्वासातच येते? तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, 'पश्चात्ताप' एवढाच शब्द लिहिलात तर दोन्ही बाजूंचे लोक त्यात आपापला अर्थ वाचतील. 'पापाकडे पाठ करून देवाकडे वळणे' असे लिहा. तिन्ही भाषांतल्या माणसांना ते एकसारखे समजते.

तारण गमावता येते का, देवाने आधीच निवडले की माणसाने निवडायचे, हा वाद हॉलंडमध्ये १६१० साली धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांच्या पाच मुद्द्यांनी पेटला आणि १६१८-१९ च्या डोर्टच्या सभेने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. चारशे वर्षे झाली, दोन्हीकडे देवभीरू माणसे आहेत. हा तिसरा डबा. निवेदनात काही लिहू नका. फक्त समितीच्या वहीत नोंद ठेवा, की या विषयावर मंडळीत दोन्ही मतांना जागा आहे.

बाप्तिस्मा

सोलापुरात या कलमाला टाळता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८६० च्या दशकात सुरू झाले. त्या परंपरेतल्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामधून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) आल्या. सहा परंपरा एकत्र आल्या, त्यात फक्त विश्वास ठेवणाऱ्यांना बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून त्या चर्चने बाळांचा आणि विश्वास ठेवणाऱ्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. तुमच्या स्वतंत्र मंडळीत येणारी निम्मी माणसे लहानपणी बाप्तिस्मा झालेली असतात. त्यांचे काय करायचे हे नेमके लिहिले नाही, तर प्रत्येक वेळी पास्टर त्या दिवशी जे वाटेल ते ठरवतो, आणि आत्याला एक न्याय आणि भाचीला दुसरा असे होते.

वाटा तीन. पहिली: आधीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हता, पुन्हा घ्यावाच लागेल. ही वाट स्पष्ट आहे, पण तिची किंमत घरात मोजावी लागते. आजीला वाटते की नातवाने तिचा विश्वास खोटा ठरवला. दुसरी: आधीचा मान्य, पण सदस्य होताना सर्वांसमोर विश्वासाची साक्ष द्यायची. बॅप्टिस्ट विचाराच्या माणसाला ही अपुरी वाटते. तिसरी: निर्णय त्या माणसाच्या विवेकावर, मात्र मंडळी यापुढे फक्त विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देईल. आमच्या मते बहुतेक मिश्र मंडळ्यांना तिसरी मानवते, पण ती निवडली तर मंडळीच्या वडिलांपैकी (म्हणजे कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांपैकी) कोणीही खासगीत दबाव आणणार नाही, हे वाक्य त्याच कलमात हवे.

बुडवून की शिंपडून, तेही लिहा. कन्नड बायबलात बाप्तिस्म्याला 'दीक्षास्नान' आहे, त्यामुळे कन्नड माणसाच्या कानात स्नान आधीच बसलेले असते. आजारी, वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अपवाद नोंदवा.

आत्म्याची दाने, आजार आणि पैसा

अन्य भाषा परदेशातून आयात झाल्या असे म्हणणाऱ्याला पुणे जिल्ह्यातल्या केडगावची आठवण द्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जागृती झाली, म्हणजे पेंटेकॉस्टल चळवळ जिथून पसरली त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या जागृतीच्या आधी एक वर्ष. अन्य भाषा हा आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा आवश्यक पुरावा आहे की नाही, यावर मंडळीने दुसऱ्या डब्यात एक वाक्य लिहावे. त्याहून उपयोगी वाक्य उपासनेच्या शिस्तीचे आहे, आणि ते पौलाने तयार करून ठेवले आहे. १ करिंथ १४:२७-२८: दोघे, फार तर तिघे, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प. हे जसेच्या तसे घ्या.

बरे करण्याच्या कलमात एक वाक्य गाळायचे नाही: 'आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, कोणाचेही औषध, उपचार किंवा दवाखाना बंद करायला मंडळीतला कोणीही सांगणार नाही.' इन्सुलिन आणि फिटच्या गोळ्या विश्वासाच्या नावाने बंद केल्या की माणूस दगावतो. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याची माहिती समितीतल्या प्रत्येकाला असावी.

'बी पेरा, शंभरपट घ्या' या समृद्धीच्या शिकवणीला लोझान चळवळीच्या २०१० च्या केप टाउन वचनबद्धतेने स्पष्ट नकार दिला आहे. तुमच्या निवेदनातही तो असू द्या, कारण यात सर्वांत आधी विडी वळणारी बाई भरडली जाते. मलाखी ३:१० वाचून तिने मजुरीतून दशांश द्यायचा आणि कर्ज फिटले नाही तर विश्वास कमी पडला म्हणून ऐकून घ्यायचे, हे होता कामा नये. लिहा: दान खुशीचे (२ करिंथ ९:७), कोणाच्या दानाचा आकडा जाहीर होणार नाही, आणि हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर लागेल.

बहिणींची सेवा

एक संदिग्ध शब्द केवढा महाग पडतो, ते अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मंडळ्यांच्या संघाकडे बघून शिकावे. २००० साली त्यांनी लिहिले की पास्टरचे पद पुरुषांपुरते आहे. पण 'पास्टर' म्हणजे मुख्य पाळक, की मुलांमध्ये, बहिणींमध्ये काम करणारी आणि पास्टर म्हणवली जाणारी प्रत्येक व्यक्ती? ते उघडे राहिले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या मोठ्या मंडळीला या कारणावरून बाहेर काढले गेले आणि त्याच वर्षी मूळ वाक्यात 'वडील' आणि 'अध्यक्ष' (मंडळीवर देखरेख करणारा) हे शब्द घालावे लागले. २०२४ मध्ये घटनेतही बंदी घालायचा ठराव आला, पण त्याला दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत.

म्हणून पदांची नावे नको, कामांची यादी करा. रविवारचा उपदेश, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणाची भाकर व प्याला) देणे, बाप्तिस्मा देणे, वडीलमंडळात बसणे, हिशेब पाहणे, घरसभा चालवणे, तरुणांना शिकवणे. प्रत्येकापुढे 'भाऊ', 'बहीण' किंवा 'दोघे'. ही यादी करताना एक गोष्ट हमखास उघड होते: कागदावर बहिणींना उपदेश मना असतो आणि मंगळवार ते शुक्रवार चारही घरसभा बहिणीच चालवत असतात. मग यादी बदला किंवा व्यवहार बदला, दोन्ही वेगवेगळे ठेवू नका.

शास्त्राचा अभ्यास दोन्ही बाजूंनी प्रामाणिक करा. १ तीमथ्य २:१२ मधला 'अधिकार चालवणे' यासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त तिथेच येतो, त्यामुळे त्याची छटा ठरवणे अवघड आहे. रोमकर १६:१ मध्ये फीबीला मराठीत 'सेविका' म्हटले आहे. मूळ शब्द तोच, जो इतरत्र डिकनसाठी, म्हणजे मंडळीतल्या सेवकपदासाठी, येतो. दुसऱ्या बाजूने, त्याच तीमथ्याच्या पत्रात पौल उत्पत्तीचा दाखला देतो, म्हणून ही फक्त इफिसपुरती स्थानिक सूचना होती असे म्हणणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते. आपल्या परंपरेतले एक वास्तवही टेबलावर असू द्या: सगळे बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायचे काम रमाबाईंनी केले, आणि ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून झाले. ज्यांना बहिणींनी शास्त्र शिकवणे अमान्य आहे त्यांनीही हे काम नाकारलेले नाही.

'आम्ही इव्हँजेलिकल' म्हणजे कोण

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या: बायबलवर भर, क्रूसावर भर, मनपरिवर्तनावर भर, आणि विश्वास कृतीत उतरवणे. हे चार अजूनही सर्वांत नीट बसतात. अमेरिकेत हा शब्द आता एका राजकीय गटाचे नाव झाल्यासारखा वापरला जातो, म्हणून तिथले कित्येक विश्वासी तो सोडत आहेत. जर्मनीत त्याच्याच जुन्या रूपाचा अर्थ नुसता प्रोटेस्टंट असा होतो. सोलापुरात तर कोणी विचारतो, "तुम्ही सीएनआय, रोमन, पेंटेकॉस्ट की बिलिव्हर?" इव्हँजेलिकल हा शब्द प्रश्नातही नसतो. तेव्हा तो लिहायचाच असा हट्ट नको. 'सुवार्ता' हा शब्द मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही बायबलांत जवळजवळ सारखाच आहे. 'सुवार्तेवर उभी असलेली मंडळी' हे तिन्ही घरांत समजते.

ओळखीच्या कलमात दोन गोष्टी टाळा. एक, जुन्या मंडळ्यांना 'नामधारी' म्हणणे. त्यांचे मिशनरी स्वतः सुवार्तावादी जागृतीतून आलेले होते आणि सोलापुरात मराठी बायबल आधी त्यांच्या हातून आले. दुसरी, इतर धर्मांच्या लोकांबद्दल किंवा त्यांच्या देवांबद्दल एकही शब्द. तो कागद शेजारी वाचणार आहे.

आणि एक गोष्ट घालाच, जी परदेशी चर्चच्या निवेदनांत सहसा सापडत नाही: जात. केप टाउन वचनबद्धतेने जातीच्या अत्याचारातल्या ख्रिस्ती लोकांच्या सहभागाबद्दल शरम नोंदवली आहे. गलतीकरांस पत्र ३:२८ (ख्रिस्तात सर्व एक) नुसते उद्धृत करून भागत नाही. लिहा की प्रभुभोजनाचा प्याला, स्वयंपाक, वडिलांची निवड आणि लग्नाची बोलणी यांत मंडळी जात विचारणार नाही. चौथ्या गोष्टीवर, लग्नाच्या बोलण्यांवर, बैठकीत शांतता पसरेल. तरीही ती काढू नका.

भाषा तपासणे, मंजुरी, नोंदणी

मसुदा तयार झाला की तो तीन माणसांना वाचून दाखवा: लिहिता-वाचता न येणारी एक आजी, दहावीतला एक मुलगा आणि मंडळीत येऊन सहा महिनेही न झालेला एक जण. वाचल्यावर "कळले का?" असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा. जिथे अडले तिथे वाक्य तोडा. पंधरा शब्दांवरची वाक्ये जवळजवळ सगळी तुटतात. तेलुगू आणि कन्नड प्रत शब्दाला शब्द लावून करू नका. त्या भाषेच्या माणसाने अर्थ समजून स्वतंत्र लिहावी, मग मराठीशी जुळवावी.

नंतर सलग तीन रविवारी एकेक भाग मंडळीपुढे वाचा आणि दाराशी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. नाव लिहायची सक्ती नको. मंजुरीला हजर सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांची अट ठेवा, आणि विरोधात असलेल्यांची मते त्यांच्याच शब्दांत वहीत नोंदवा. सहीची पद्धत दोन थरांची असावी: पास्टर, वडील आणि शिकवणारे यांनी पूर्ण निवेदनावर, इतर सदस्यांनी फक्त पहिल्या डब्यातल्या कलमांवर. सगळ्यांकडून सगळ्यावर सही घेतली, की लोक न वाचता सही करतात.

नोंदणीच्या कागदांत एक काळजी घ्या. सबंध निवेदन संस्थेच्या उद्देशांत घालू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उद्देश बदलायला विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्याने दुसऱ्या सभेत तीच पुन्हा. एक शब्द दुरुस्त करायला एवढी यातायात होते, म्हणून लोक चुकीचे वाक्य तसेच ठेवतात. उद्देश थोडक्यात लिहा, निवेदन वेगळे जोडपत्र ठेवा, आणि ते कसे दुरुस्त करायचे याचा नियम घटनेत घाला. विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज भरताना जोडपत्राची चालू प्रत कोणती, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

प्रत्येक प्रतीच्या पायाशी मंजुरीची तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक छापा. एक प्रत सूचना फलकावर, एक सदस्य नोंदवहीत, आणि एकीचा फोटो पास्टरच्या मोबाइलवर ठेवा. बाहेरचा उपदेशक ठरवताना तारीख पक्की करण्याआधी तो फोटो त्याला पाठवा आणि दोनच प्रश्न विचारा: पहिल्या भागात तुम्हाला काही अमान्य आहे का, आणि आमच्या पद्धतीच्या भागाविरुद्ध तुम्ही व्यासपीठावरून बोलणार नाही ना? उत्तर लेखी येऊ द्या, मगच जाहिरातीचा बॅनर छापायला टाका.